न दुखणारा पाय

हैबतीच्या उजव्या तळपायाला जखम होऊन बेचाळीस दिवस झाले होते. हा आकडा ठकूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. रोज एक पात याप्रमाणे तिनं बेचाळीस पाती कापल्या होत्या आणि गोठ्यामागची कोरफडीची रांग आता दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती.

पात कापायची ती बाहेरची, खालची, सगळ्यांत जुनी. मधल्या कोवळ्या पातीला हात लावायचा नाही. कापल्याबरोबर ती कापलेल्या टोकावर भिंतीला टेकवून उभी करायची. थोड्या वेळानं पिवळा चीक ठिबकायला लागतो, तो सगळा गळून जाऊ द्यायचा. जखमेला लागला तर खाज सुटते आणि पोटात गेला तर हगवण लागते. मग पात धुवायची, दोन्ही कडांचे काटे तासायचे, एका अंगाची साल सोलायची आणि आतला पाण्यासारखा गर चमच्यानं काढायचा. हे होईस्तोवर चूल पेटलेली असायची, म्हैस ओरडत असायची आणि हैबती ओसरीवर पाय पसरून चहाची वाट बघत बसलेला असायचा.

आंबेनळी घाटाच्या रस्त्याखाली डोंगराची एक सोंड उतरते, तिच्यावर त्यांची वाडी. सतरा घरं, त्यांतली नऊ कुलपात, कारण माणसं मुंबईला. दवाखाना म्हटला तर पोलादपूर, मोठा म्हटला तर महाड. त्याच्या अलीकडच्या दुखण्यांना ठकूबाई होती. कुणाचा हात तव्याला लागला, कुणाला गरम तेल उडालं, कुणाचा गुडघा खडीवर सोलला, की माणसं गोठ्यामागून तिच्याकडे यायची. ती पैसे घेत नसे. सासूनं हे काम शिकवताना एवढंच बजावलं होतं, की जखमेचा तळ दिसत असेल तर लाव, तळ दिसत नसेल तर हात लावू नको. चाळीस वर्षं तिनं ते पाळलं होतं.

हैबतीचं भाजणं तळ दिसण्यासारखंच होतं. निदान सुरुवातीला तरी.

चैत्रात राब भाजताना झालं ते. भाताची रोपं जिथं टाकायची त्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून पेटवलं होतं आणि हैबती काठीनं विस्तव सारखा करत फिरत होता. एक निखारा चपलेत शिरला आणि तिथंच राहिला. हैबती दुपारभर त्याच चपलेनं हिंडला. संध्याकाळी पाय धुवायला बसला तेव्हा चपलेचं रबर तळव्याला चिकटून आलेलं ठकूबाईनं पाहिलं. त्याला स्वतःला पत्ताच नव्हता. पुढचे दोन दिवस वाडीत हाच विषय. हैबतीचा पाय म्हणजे दगड, असं शेजारचा चांगू सगळ्यांना सांगत सुटला. हैबतीलाही ते ऐकायला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं सोडताना ठकूबाईनं विचारलं होतं, रात्री ठणकला का. हैबती म्हणाला, अजिबात नाही, तुझ्या हाताला गुण आहे. दिवसभर काम करताना तिला हलकं वाटलं होतं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती आणि या माणसानं तिच्या कामाला गुण आहे असं तोंडानं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. ती विचारायची, दुखतंय का. तो म्हणायचा, नाही. तो काठी न घेता वाफ्यावर जायचा, गुरांमागं जायचा, चढावरून पाण्याचा हंडादेखील आणायचा. न दुखणाऱ्या पायाला विश्रांती कोण देतो? पहिल्या आठवड्यात जखमेच्या कडा गुलाबी दिसल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या पांढऱ्या आणि टणक झाल्या, आणि मधोमध, करंगळीच्या खालच्या बाजूला, एक भोक राहिलं. ठकूबाई त्या भोकात गर भरायची. तळ दिसत नाही हे तिला दिसत होतं. पण दुखत नाही म्हणजे आतून भरून येत असणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पाचव्या आठवड्यात फडक्याला भिजल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. ती फडकी उकळून, उन्हात वाळवून, पुन्हा उकळायला लागली. त्या कामानं तिचे खांदे भरून यायचे.

उपकेंद्राची नर्स सलोनी तीनदा येऊन गेली होती. गाडी रस्त्यावर लावून ती दीड किलोमीटर खाली उतरायची आणि दमलेली असली तरी आधी हात धुवायची. पहिल्या खेपेला तिनं हैबतीच्या बोटाला टोचून रक्तातली साखर बघितली. तीनशे चाळीस निघाली. उपाशीपोटी होता, तरी. हैबती म्हणाला, आम्ही चहासुद्धा गुळाचा पितो, साखर येईल कुठून, तुमचं यंत्र खोटं असेल. साळूबाई, म्हणजे ठकूबाईची जाऊ, पदर तोंडाला लावून हसली. रात्री पाचपाच वेळा उठायला लागणं, सारखी तहान लागणं, हे सलोनीनं विचारलं तेव्हा त्यानं उन्हाळ्याचं नाव सांगितलं.

निघताना सलोनी ठकूबाईला बाजूला घेऊन म्हणाली होती, "आजी, दुखत नाही हे चांगलं लक्षण नाही. महाडला न्या त्यांना."

ठकूबाईला राग आला होता. दुखलं तरी दवाखाना आणि दुखलं नाही तरी दवाखाना, मग माणसानं वागायचं तरी कसं? तिसऱ्या खेपेला सलोनी स्पष्टच बोलली, की उशीर केला तर पाय जाईल. हैबतीनं तिला ताक प्यायला दिलं आणि रोहिणी लागलीय, पावसाआधीची धूळपेर उरकली की बघू, असं सांगून वाटेला लावलं.

मुलगा अनिल बिरवाडीत खोली घेऊन राहत होता, एका कारखान्यात पाळीवर जात होता. तो पंधरा दिवसांनी एकदा यायचा. त्यानंही बापाला सांगून पाहिलं. हैबतीचं उत्तर ठरलेलं. तुझी आई औषध करतेय, तिनं हात टेकले तर जाईन. शेवटी अनिलनं महाडच्या दुकानातून एक नळी आणली, कोरफडीचीच, आईचे कष्ट तरी वाचतील म्हणून. ठकूबाईनं ती पिळून बघितली. आतून पोपटी रंगाचं, अत्तराच्या वासाचं काहीतरी आलं.

"ही कुठली रे कोरफड?" ती म्हणाली. "साल काढल्यावर पन हिरवी?"

त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी हसली होती.

साळूबाईचं म्हणणं निराळंच. नजर लागलीय. एवढा धडधाकट माणूस, लोकांनी पायाचं कौतुक केलं आणि पाय धरला. कोरफड जखमेला काय लावतेस, मुळासकट उपटून दारावर उलटी टांग. ठकूबाईनं तेही केलं. करायला फारसं काही लागत नव्हतं, आणि नाही म्हणत बसण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी ती पाणी विसणायला विसरली. चुलीवरचा तपेला तिनं फडक्यानं धरून मोरीवर आणला. हैबती दगडावर बसला होता, उजवा पाय बाजूला उंच धरून, डावा खाली ठेवून. कुठल्या वाफ्यात कुठलं भात टाकायचं ते तो सांगत होता. ठकूबाईनं तांब्या भरला आणि त्याच्या डाव्या पायावर ओतला. शिंतोडे तिच्या बोटांवर उडाले आणि तिच्या हातून तांब्या सुटला. पाणी चटका बसण्याइतकं कडक होतं.

हैबती बोलतच होता. वरच्या वाफ्यात कोलम टाकू, खाली पाणी धरून राहतं तिथं गरवा टाकू. डाव्या पायावरून वाफ निघत होती आणि कातडी लाल होत चालली होती.

ठकूबाईनं पटकन गार पाण्याची कळशी त्या पायावर उपडी केली.

"आता काय झाला तुला?" तो म्हणाला. "तांब्या पाडलास त्यो?"

"हात घसरला," ती म्हणाली.

तिनं त्याची आंघोळ उरकली. मग गोठ्यामागं जाऊन स्वतःच्या बोटांना गर लावला. आग कमी झाली. पण त्याच बोटांवर तिनं दुसऱ्या हाताचं नख दाबून पाहिलं तर चांगलं लागलं. तिनं पुन्हा दाबून पाहिलं. कोरफड आग घेते. पण लागायचं ते लागतंच.

ती तिथंच कुंपणाला धरून उभी राहिली. डाव्या पायाला तिनं कधी काही लावलं नव्हतं. त्या पायाला काही झालंच नव्हतं. मग ऊन पाणी त्याला लागलं कसं नाही?

उत्तर तिला समजायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो मानायला. दुपारपर्यंत ती कामात राहिली, भाकऱ्या थापल्या, म्हशीला पाणी पाजलं, लाकडं आत घेतली. उजव्या पायाची कळ तिनं घेतलीच नव्हती. कळ तिथं नव्हतीच. निखारा आत शिरला त्या दुपारीसुद्धा नव्हती, म्हणून तर तो दिवसभर चालला. आणि ती रोज सकाळी विचारत होती, दुखतंय का, आणि नाही म्हटल्यावर समाधान मानत होती.

जेवण झाल्यावर हैबती ओसरीला टेकला. ठकूबाईनं कुंपणाच्या करवंदीचा एक काटा मोडून आणला, धुतला, आणि त्याच्या पायाशी बसली.

"अवो, डोळं मिटा जरा."

"कशाला?"

"मिटा म्हनते ना. मी डाव्या पायाला हात लावीन. लावला की सांगा."

"या वयात खेळ काय गो मांडलास?" असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

तिनं अंगठ्याला काटा टोचला. मग चवड्याला. मग टाचेच्या वर, जिथं कातडी पातळ असते तिथं. तो डोळे मिटून शांत बसला होता, तोंडावर थोडं हसू होतं.

"लाव की," तो म्हणाला.

"लावला."

"काय नाय लावलास. मना खुळा समजतेस काय?"

"उगडा आता."

तीन ठिकाणी रक्ताचे थेंब आले होते. हैबतीनं ते पाहिले, मग तिच्या हातातला काटा पाहिला. त्यानं वाकून एक थेंब बोटानं पुसला. तिथं दुसरा आला.

"ह्या पायाला मी कधी कोरफड लावली?" ठकूबाईनं विचारलं.

"नाय."

"मग ह्याची कळ कुनी घेतली?"

खाली चांगू कुणाला तरी हाका मारत होता.

"त्या पायाची पन मी घेतली नव्हती," ती म्हणाली. "तुमाला लागतच नव्हता. मी उगाच माज्या हाताचा गुन समजले. ती पोरगी सांगत होती, मी आयकला नाय."

"म्हंजे चाळीस वर्सं लोकांना फसवलंस."

"त्यांना कळ व्हती. लावताना वरडायचे." तिचा आवाज चढला नाही. चढवायला जोर नव्हता. "तुमी कधी वरडलात?"

हैबतीनं पेरणीचं काढलं. चार दिवसांचं तर काम आहे, एवढे दिवस गेले तिथं आणखी चार. ठकूबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. चांगू टाकेल बी, ती म्हणाली, नाहीतर जमीन पडीक राहील. मग तिनं काटा उंबऱ्याबाहेर टाकला.

"माज्यानं आता होत नाय," ती म्हणाली. "उद्या मी फडका सोडनार नाय. तुमीच सोडा, तुमीच बघा आत काय हाय ते. वास तुमाला येतो का नाय, म्हायती नाय. मना जेवताना पन येतो."

हैबती आपल्या दोन्ही पायांकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"अनिलला फोन लाव," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगूनं आणि वाडीतल्या मुरारीनं बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. आजारी माणूस वाडीतून रस्त्यावर असाच जातो. हैबतीला लाज वाटत होती. मी चालत येतो म्हणाला, मला काही होत नाही. ठकूबाईनं त्याला एक पाऊल टाकू दिलं नाही. चढावर मुरारीचा श्वास लागला तरी चांगूचं तोंड बंद नव्हतं.

"काका, दुखत नाय तर आमच्या खांद्यावर कशाला बसलाय? लग्नात घोडा मिळाला नव्हता, त्याचा वचपा काढताय?"

"तुज्या बापाला मी ह्याच वाटेनं नेला होता," हैबती झोळीतून म्हणाला. "गुमान चाल."

जीपमध्ये खिडक्या उघड्या होत्या तरी पुढच्या बाकावरच्या बाईनं पदर नाकाला लावला. ठकूबाई बाहेर बघत राहिली.

महाडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होती. अनिल कारखान्यातून तसाच आला होता, गणवेशावर. डॉक्टरबाईनं फडकं सोडलं, एक बोथट सळई भोकात घातली आणि सळई आत कशावर तरी टेकली. तिनं तोंड वाकडं केलं नाही. जखमेला काय लावत होतात, असं तिनं विचारलं. अनिल चाचरत काहीतरी मलम म्हणाला.

"कोरफड," ठकूबाई म्हणाली. "बेचाळीस दिस. मी लावत होते. दुसऱ्या कुनाला दोष देऊ नका, नर्स येत होती, आमीच आयकला नाय."

डॉक्टरबाईनं ते कागदावर लिहिलं. मग पायाचा एक्स-रे फोटो काढून आणायला सांगितला, सुई लावली, आणि दुपारी मायलेकांना समोर बसवून सावकाश सांगितलं. साखर बरीच वर्षं असणार. तिच्यामुळं पायाच्या नसा मेल्या आहेत, दोन्ही पायांच्या, त्या परत यायच्या नाहीत. जखमेतलं विष हाडापर्यंत गेलंय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागेल. तेवढ्यावर थांबेल असं वाटतंय, पण खात्री चार दिवसांनी देईन. आणखी दोन आठवडे गेले असते तर घोट्यापाशी कापावं लागलं असतं.

ठकूबाईनं एकच विचारलं. कोरफडीनं झालं का?

डॉक्टरबाईनं हातातला कागद खाली ठेवला. वरवर भाजलं असेल तर कोरफडीनं बरं वाटतं, ती म्हणाली, ते काही खोटं नाही. पण खोल जखमेत पानाचा गर भरला तर त्याबरोबर घाण आत जाते, ते चुकलंच. जास्त मात्र बिघडलं ते साखरेनं आणि चालण्यानं. दुखत नव्हतं म्हणून ते जखमेवर उभे राहत गेले, रोज. "तुमच्या औषधानं पाय बिघडला एवढंच म्हणता येणार नाही, आजी. पण त्या औषधाच्या भरवशावर दिवस गेले."

ठकूबाईनं मान हलवली. घरीही तिनं हिशेब जवळपास असाच मांडला होता.

बोटं काढल्यावर चार दिवस ती खाटेखाली चटईवर झोपली. चौथ्या दिवशी डॉक्टरबाईनं पट्टी सोडली, बराच वेळ पाहिलं आणि पाय राहील म्हणाली. अनिल व्हरांड्यात जाऊन आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. ठकूबाईला रडू आलं नाही. ती भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपी गेली.

हैबती घरी आला तोवर चांगूनं टाकलेली रोपं वीतभर झाली होती. बघायला माणसं यायची. ज्या दिवशी त्याचं बरं असे त्या दिवशी तो सांगायचा, हिनं काटा टोचला म्हणून पाय वाचला, डॉक्टरच्या आधी हिला कळलं. ज्या दिवशी साखरेची सुई घ्यायचा कंटाळा आलेला असे त्या दिवशी सांगायचा, हिच्या कोरफडीनं दोन बोटं खाल्ली. ठकूबाई चहा ठेवायची आणि दोन्ही वेळा गप्प राहायची. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि वाद घालायचा म्हटलं तर कुठल्या बाजूनं घालायचा?

तिच्याकडे अजूनही कुणी कुणी येत होतं. ती आधी विचारायची, लागतं का, आणि कुणी नाही म्हटलं तर पातीला हात न लावता त्याला महाडची वाट दाखवायची. वरच्या वाडीतली मैना म्हणे, म्हातारीच्या हातचा गुण गेला. ते ठकूबाईच्या कानावर आलं होतं. येऊ दे.

दवाखान्यानं एक काम तिला लावून दिलं होतं. रोज सकाळी दोन्ही पाय कोमट पाण्यानं धुवायचे, पाणी आधी आपल्या कोपरानं बघायचं, मग कोरडे करून उजेडात तपासायचे, बोटांच्या बेचक्यात, टाचेला, चवड्याला, कुठं फोड, चीर, लाली. हे आता जन्मभर. हैबती ओसरीवर पाय पसरून बसे आणि ती खाली पाटावर. तिच्या डोळ्यांना बारीक दिसत नसे, म्हणून ती बोटांनी चाचपून बघे.

एके सकाळी ती तशीच बसली होती. टाच तिनं तळहातावर घेतली होती आणि अंगठ्यानं सावकाश दाबत होती. हैबती वाफ्यांकडे बघत होता.

"लावलास का हात?" त्यानं विचारलं.

"लावलाय."

"कुठं?"

"टाचेला."

"बरं," तो म्हणाला.